मागच्या ओळीतील मुलांसाठी
(हुपरी येथे दहावीच्या विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभातील भाषण)



ज्यांचा सत्कार झाला त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. पण आम्हाला बोलायचे आहे ते मागच्या ओळीत मान खाली घालून बसलेल्या मुलांशी. दहावीला आमचेही गुण फार कमी आले होते. दोन दिवस आम्ही घराबाहेर पडलो नव्हतो.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. गुण होते ७५० पैकी २८२, म्हणजे शेकडा ३८ सुद्धा नाहीत. तरीही मुंबईत सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या सभेने टक्केवारी पाहिली नाही, मुलगा पाहिला. याच मुलाने १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळवली.

मात्र बाबासाहेबांनाही कमीच गुण होते, असे म्हणून स्वस्थ बसू नका. त्यांनी पुढे अफाट अभ्यास केला, हे विसरू नका. विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षेचा अर्ज वेळेत भरा. एक-दोन विषयांसाठी एटीकेटीची सवलत आहे, तिची शाळेत चौकशी करा.

पालकांनो, निकालाच्या दिवशी मुलाला आधी जेवायला वाढा, गुणपत्रिका नंतर पाहा. आपल्या हुपरीत दागिना बिघडला तर कारागीर चांदी फेकून देत नाही. ती आटवून पुन्हा घडवतो. आपली मुले चांदीपेक्षा स्वस्त आहेत काय?

जयभीम!