नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, ‘वकीलसाहेब, वीस मिनिटं बोला, पण कलमं सांगू नका, लोक जेवायला उठतील.’ म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो. आपल्यापैकी बहुतेकांनी ताबा घेताना नॉमिनेशनचा फॉर्म भरला. तीन प्रती, दोन साक्षीदार, संपलं काम. नंतर तो फॉर्म कोणी उघडून पाहिला? हात वर करा. बघा, तीनच हात आहेत, आणि त्यातला एक सेक्रेटरींचा.

आगाशीच्या बाजूच्या एका सोसायटीतली गोष्ट सांगतो. नावं सांगणार नाही. एका तरुणाने लग्नाआधी फ्लॅट घेतला आणि नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव लिहिलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. फॉर्म मात्र तसाच राहिला. एक दिवस तो अचानक गेला. महिन्याभरात धाकटा भाऊ गिऱ्हाईक घेऊन सोसायटीत हजर! ‘नॉमिनी मी आहे, फ्लॅट माझा.’ कमिटीलाही ते खरंच वाटलं. वहिनी कागद घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न हाच होता, की सामान कधीपर्यंत हलवायचं.

सामान हलवायचं कारणच नव्हतं. आपल्या सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातलं कलम १५४ ब-१३ सांगतं, की सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, खरे वारस सभासद होईपर्यंत. तात्पुरता हा शब्द महत्त्वाचा. नॉमिनी हा राखणदार. सोसायटीने मेंटेनन्सचं बिल कोणाला द्यायचं, एवढ्यापुरता तो सोयीचा.

हा घोळ फक्त आपल्या गावचा नाही. शेअर्सच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली कोकाटे खटल्यात नॉमिनीच मालक असं म्हटलं. त्यात नवऱ्याने पुतण्याला नॉमिनी केलं होतं, आणि बायको रिकाम्या हाताने परतली. पुढे ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर २०१३ साली गेल्यावर त्यांच्या कुटुंबात गुंतवणुकीच्या नॉमिनेशनवरून खटला झाला. त्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आधीचं मत चुकीचं ठरवलं, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. विम्याच्या पैशाबद्दल तर २०१५ च्या कायदादुरुस्तीपर्यंत हेच ठरलेलं होतं.

मग त्या फ्लॅटचे वारस कोण? इथे आपल्या नंदाखालमध्ये नीट लक्ष द्यायला हवं, कारण एकाच जिन्यावर दोन वेगळे कायदे राहतात. ते कुटुंब हिंदू होतं, मृत्युपत्र नव्हतं, फ्लॅट स्वकमाईचा. म्हणून बायको, मुलगी आणि म्हातारी आई यांना सारखा एक-तृतीयांश हिस्सा. भावाला शून्य. तेच कुटुंब ख्रिस्ती असतं, तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागला असता. बायकोला एक-तृतीयांश, उरलेलं दोन-तृतीयांश मुलीला. आणि आईला? काहीच नाही. हो, मुलंबाळं असतील तर आईला काही मिळत नाही. मागच्या रविवारी चर्चबाहेर एका बाईंना हे सांगितलं, तर त्यांचा विश्वासच बसेना. ज्या मुलाच्या फ्लॅटसाठी त्यांनी वाडीचा तुकडा विकला, त्याच्याबद्दल बोलत होतो आम्ही.

यावर उपाय एकच, मृत्युपत्र. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद चालतो. तुमची सही, आणि ती सही पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. वय झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला जोडा. ख्रिस्ती कुटुंबांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. ज्याला काही द्यायचंय त्याला किंवा त्याच्या बायको-नवऱ्याला साक्षीदार करू नका, त्यांना लिहिलेलं देणं बाद होतं. मोठा मुलगा समोर आहे म्हणून त्याचीच सही घेतात आणि त्याचाच वाटा जातो! आणि लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न होताच रद्द होतं, परत करावं लागतं.

लेकीने ‘मला काही नको’ म्हणून साध्या कागदावर लिहून दिलं, तर फ्लॅटच्या बाबतीत त्याला किंमत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. अज्ञान मुलाचा वाटा तर कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. वरच्या गोष्टीत दिराने शेवटी गिऱ्हाइकाचं टोकन परत केलं, पण त्यात दोन वर्षं गेली, आणि त्या घरात आता गणपती वेगवेगळे बसतात.

आता गाळेवाले आणि धंदेवाले. सोनचाफा दादरला पाठवणारे असोत की खाली झेरॉक्सचं दुकान चालवणारे, बहुतेकांचा धंदा एकट्याच्या नावावर आहे. कायद्याला तो धंदा तुमच्याहून वेगळा दिसत नाही. माणूस गेला की त्याची जीएसटी नोंदणी मुलाला तशीच वापरता येत नाही, स्वतःच्या पॅनवर नवीन घ्यावी लागते. आधी सही करून ठेवलेले चेक वापरू नका. वडील गेल्यावर त्यांच्या एटीएमने पैसे काढणं, त्यांच्या मोबाईलवरून वळते करणं, हे तर अजिबात करू नका. दुःखात कोणाच्या लक्षात येत नाही, पण वर्षभराने भावंडांचं बिनसलं की बँकेचं स्टेटमेंट पहिलं बाहेर येतं. दोघांची भागीदारी असेल तर एक गेला की ती भागीदारी संपते, मग उधारी-येणी लिहिलेली वही कुठे आहे हे घरच्यांना माहीत हवं.

आणखी एक. शेअर सर्टिफिकेटवर बायकोचं दुसरं नाव आहे म्हणजे अर्धा फ्लॅट तिचा, असं समजू नका. खरेदीखतावर कोणाची नावं आहेत ते पाहा.

नॉमिनेशनचं रजिस्टर मी आज मुद्दाम त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवायला सांगितलंय. कोरे फॉर्मही आहेत. जेवणाआधी आपापलं पान बघून घ्या. काहींच्या पानावर अजून देवाघरी गेलेल्या आजीचं नाव आहे, मी काल पाहिलंय. आता प्रश्न विचारा. घरातलं खाजगी असेल तर माईकवर नको, उद्या संध्याकाळी घरी या.