नाही म्हणू शकणारा विमा एजंट



विमा एजंट व्हायला फारसे काही लागत नाही, अशी एक समजूत आहे आणि ती बरीचशी खरी आहे. वय अठरा पूर्ण, शिक्षण दहावी, थोड्या तासांचे प्रशिक्षण, पन्नास प्रश्नांची परीक्षा आणि तिच्यात पस्तीस टक्के गुण. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर तर नियामकाकडून परवाना घेण्याचीही गरज उरली नाही. कंपनीच एजंटाची नेमणूक करते. एकट्या आयुर्विमा महामंडळाचे एजंट चौदा लाखांच्या घरात आहेत. दार इतके रुंद असताना, आत आलेल्यांपैकी पुष्कळजण पहिली दोन-चार वर्षे का टिकत नाहीत, हा प्रश्न आपण विचारायला हवा. नेहमीचे उत्तर असे की त्यांच्या ओळखी कमी पडल्या. मला ते पटत नाही. माझे म्हणणे असे की या धंद्याचे पहिले भांडवल ओळखी नव्हेच. समोर आलेली चुकीची विक्री नाकारण्याची ऐपत, हे ते भांडवल.

आधी कायद्याची बाजू पाहू. एजंट एका वेळी एका आयुर्विमा कंपनीचे, एका सर्वसाधारण विमा कंपनीचे आणि केवळ आरोग्यविमा करणाऱ्या एका कंपनीचे काम करू शकतो. म्हणजे ग्राहक ज्याला ‘आपला माणूस’ समजतो, तो कागदोपत्री कंपनीचा माणूस असतो. यावर दोन वाटा सांगितल्या जातात. ब्रोकर व्हा, तर त्याला किमान पंचाहत्तर लाखांचे भांडवल लागते. किंवा एखाद्या ब्रोकरच्या हाताखाली ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’ व्हा. पंधरा तासांचे प्रशिक्षण घेऊन अनेक कंपन्यांच्या सोप्या पॉलिसी विकता येतात. दुसरी वाट चांगलीच आहे. पण चार कंपन्यांच्या पॉलिसी हाताशी असल्या, तरी महिनाअखेरचे भाडे कमिशनवरच भागवायचे असेल, तर हात सर्वांत जास्त कमिशनच्या पॉलिसीकडेच जातो.

इथे हिशेब मांडावा लागेल. २०२३ मध्ये नियामकाने कमिशनच्या उत्पादनवार मर्यादा काढल्या आणि दर ठरवण्याचे काम कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोपवले. त्याआधीच्या नियमांत बचतीच्या दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी कमाल पस्तीस टक्के आणि पुढे कमाल साडेसात टक्के कमिशन होते. वैयक्तिक आरोग्यविम्यावर ते पंधरा टक्के, पण दर वर्षी. समजा, पन्नास हजारांच्या हप्त्याची बचत पॉलिसी विकली. पहिल्याच वर्षी साडेसतरा हजार हातात येतात. वीस हजारांचा आरोग्यविमा विकला तर मिळतात तीन हजार. नवा एजंट कुठे वळेल, हे सांगायला नको. पण बचत पॉलिसी ग्राहकाला न झेपून दुसऱ्याच वर्षी बंद पडली, तर तिचे उत्पन्न तिथेच संपले. आरोग्यविमा दहा वर्षे चालला तर हप्ता न वाढताही तीस हजार देतो, आणि हप्ता तर वाढतच असतो. अशा दीडशे पॉलिसी चालू असतील, तर नवे काम एकही न आणता वर्षाला साडेचार लाख येतात. फक्त तिथे पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ नव्या माणसाच्या खिशात नसतो. अनेक आयुर्विमा कंपन्यांकडे पाच वर्षांनंतर निम्म्याच्या आसपासच पॉलिसी चालू उरतात, यामागे अनेक कारणे असतील. घाईने गळ्यात मारलेली पॉलिसी हे त्यातले मोठे कारण आहे, असे मी मानतो.

म्हणून सुरुवात दर वर्षी नूतनीकरण होणाऱ्या कामातून करावी: वाहन, आरोग्य, दुकान. दुकानाचा विमा तर शिकण्याची उत्तम जागा आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात पाणी बाजारपेठेत शिरले. अशा वेळी विमा होता की नाही, एवढाच प्रश्न नसतो. माल दहा लाखांचा आणि विमा पाच लाखांचा असेल, तर भरपाईही साधारण त्याच प्रमाणात कापली जाते. दिवाळीपूर्वी माल भरताना रक्कम वाढवून घ्या, हे दुकानदाराला आठवणीने सांगणारा माणूस त्या पेठेत टिकतो. त्यातून मिळणारे कमिशन किरकोळ असते, हेही खरे.

पहिला आक्षेप असा येईल की हे पोटभरल्यांचे तत्त्वज्ञान आहे. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याने काय करावे? त्याने नोकरी सोडू नये. हे काम सायंकाळी आणि रविवारी सुरू करता येते, घरातल्या दुसऱ्याच्या कमाईवर तोलता येते. पूर्णवेळ उडी मारायचा आग्रह बहुधा ज्यांचे उद्दिष्ट आपल्या कामातून पूर्ण होणार असते, तेच धरतात. दुसरा आक्षेप नातेवाइकांचा: पहिले ग्राहक घरचेच नसतील तर कुठून आणायचे? घरचे ग्राहक जरूर करावेत, पण भिडेखातर काढलेल्या पॉलिसीचा दुसरा हप्ता भिडेखातर भरला जात नाही, आणि मग पॉलिसीबरोबर नातेही आंबते.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मोबाइलवर दहा कंपन्यांचे दर दिसतात, बँका काउंटरवर विमा विकतात. मग एजंट हवाच कशाला? केवळ दर सांगायला तो नकोच. पण प्रपोजल फॉर्मवर मधुमेह लिहायचा की नाही, तिथे माणूस लागतो. विमा कायद्याच्या ४५व्या कलमानुसार आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षांनंतर आव्हान देता येत नाही. त्याआधी मात्र लपवलेला आजार वारसांच्या दाव्यावर उलटू शकतो. ‘साखर लिहू नका, हप्ता वाढेल’ असे सांगून विक्री पटकन होते. तिथे ‘लिहाच’ म्हणणारा एजंट कधीकधी ते काम गमावतो. त्याला ते परवडले पाहिजे, हाच माझा मुद्दा.

कायदा हे सारे सांभाळेल, असे मानण्यात अर्थ नाही. ग्राहकाला कमिशनमधला वाटा देण्यावरची बंदी १९३८ च्या विमा कायद्यापासून आहे, दंड आता दहा लाखांपर्यंत आहे, तरी ‘पहिला हप्ता मी भरतो’ हे वाक्य अजून ऐकू येते. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५६ मध्ये सरकारने आयुर्विमा ताब्यात घेतला, तेव्हा मालकी बदलली. एजंटाला कमिशनवर पोसण्याची रीत तशीच राहिली.

तेव्हा परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी दोन वर्षांच्या घरखर्चाची सोय कागदावर मांडा, हे सभागृहातल्या तरुणांना सांगतो. आणि बाकीच्यांनी आपल्या एजंटाला एक प्रश्न जरूर विचारावा: पाच वर्षांपूर्वी तुम्ही दिलेल्या पॉलिसींपैकी आज किती चालू आहेत?