तुळस वावरात नेण्याआधी
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात तीन गावांच्या बैठकीत एकच प्रश्न आला. "कापसात काही उरत नाही, ज्वारी पाखरं खातात, औषधी तुळस लावली तर जमेल का?" विचारणाऱ्याच्या हातात रंगीत पत्रक होते. 'रोपे आम्ही देऊ, माल आम्हीच उचलू.' म्हणून आज तुळशीवरच बोलायचे.

आधी एक जुनी गोष्ट. २००० नंतरच्या दोन-चार वर्षांत आपल्याकडे सफेद मुसळीचे वेड आले होते. आम्ही तेव्हा कृषी पदवीला होतो. लावणीचे कंद शेकडो रुपये किलोने विकले जात. आमच्या घरीही बैलजोडी विकून कंद आणले. पीक वाईट आले नाही. मुसळी खणली, सोलली, वाळवली, भरून ठेवली. फक्त ती घेणारा माणूस फिरकला नाही. त्याचा नफा कंद विकले त्याच दिवशी झाला होता. आमच्या पिकाशी त्याला देणेघेणेच नव्हते. पदवीच्या पुस्तकात हा धडा नव्हता. तो आम्ही बैल विकून शिकलो.

तुळस मुसळीसारखी महाग नाही, हे तिचे भाग्य. बी आपल्याच वृंदावनात आहे. राम तुळस आणि कृष्ण तुळस, दोन्ही औषधी. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'सिम-आयु'सारखे वाण काढले आहेत. लवंगेच्या तेलात असतो तो युजेनॉल त्यात भरपूर असतो. पण आपला कारखान्याशी सौदा झालेला नसेल, तर घरचे बी पुरे.

आमचे म्हणणे असे, की पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांच्या वर जाऊ नका. दोन गुंठ्यांना सहा-सात ग्रॅम बी लागते. बी खसखशीसारखे बारीक, म्हणून राखेत किंवा बारीक रेतीत कालवून मे अखेरीस गादीवाफ्यावर टाका, वर शेणखताचा पातळ थर द्या आणि झारीने पाणी घाला. आठ-बारा दिवसांत उगवते. पाच-सहा आठवड्यांची रोपे पावसाची ओल पाहून दीड बाय दीड फुटावर लावा. दोन गुंठ्यांत साडेनऊशेच्या आसपास रोपे बसतात. काळ्या जमिनीत सरीच्या वरंब्यावरच लावा. पाणी साचले की तुळस मरते. दोन डवरण्या आणि एक खुरपणी द्या.

लावल्यापासून सुमारे नव्वद दिवसांनी, फुलावर आली की, पहिली कापणी. वीतभर खोड ठेवून कापा, पुन्हा फुटते. पाण्याची सोय असली तर पुढे दोन-सव्वादोन महिन्यांनी दुसरी कापणी मिळते. कोरडवाहूत मात्र एकच कापणी हिशेबात धरा. पाला सावलीत, स्वच्छ कापडावर वाळवा. उन्हात वास उडून जातो. पाच किलो ओल्या पाल्याचा साधारण एक किलो वाळका होतो. दर सांगणाऱ्याला पहिले विचारा : ओल्याचा की वाळक्याचा? इथेच पुष्कळ जण फसतात. आणि खताच्या रिकाम्या पोत्यात पाला भरू नका.

आता जागेचे. तुळस पऱ्हाटीच्या शेजारी लावू नका. फवाऱ्याचे औषध वाऱ्याने पाल्यावर येते. तो पाला तपासणीत नापास होईल ही पुढची गोष्ट. आधी तो आपलीच लेकरे खातील. ज्वारी-तुरीच्या बाजूचा किंवा घराजवळचा तुकडा निवडा.

मायबहिणींनो, तुमच्या हातच्या काढ्याबद्दल आम्ही काय सांगावे? आठ-दहा पाने, आले, दोन-तीन मिरे. सर्दी-खोकल्याला बरे वाटते. पण त्याची हद्दही ओळखा. ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, की दवाखाना. मलेरिया-डेंग्यू काढ्याने जात नाही. साखरेच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर रोज काढा किंवा अर्क घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईनेही विचारावे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवाच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन आपली माणसे दगावली. फवारणाऱ्याला मळमळ, दरदरून घाम, लाळ, अंधुक दिसणे सुरू झाले, तर तुळशीचा रस पाजत वेळ घालवू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाच्या डब्यासकट त्याला दवाखान्यात न्या. त्या विषावर तुळस चालत नाही.

आता बाजार. तुळशीला आधारभूत किंमत नाही. आपल्या बाजारसमितीत तिचा रोज भाव फुटत नाही. म्हणून पेरणीआधी गिऱ्हाईक हवे. त्याला चार गोष्टी कागदावर मागा. दर किती आणि कशाचा? ओलावा किती चालेल? वाहतूक कोणाची? पैसे किती दिवसांत? माल नापास केला तर कारण लेखी द्यावे, हेही लिहून घ्या. जो रोपांचे पैसे आधी मागतो आणि दराचे नंतर बघू म्हणतो, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

एकट्याने विचारायला गेलात तर कारखान्याच्या फाटकावरच अडवतील. म्हणून गावातल्या दहा घरांनी दोन-दोन गुंठे लावा. सगळ्यांनी एकाच काट्यावर वजन करा. बी, मजुरी, वाळका माल, सगळे वहीत उतरवा. घरच्या बाईची मजुरीसुद्धा मांडा, ती फुकट धरू नका. दिवाळीनंतर दहा वह्या शेजारी ठेवू. हिशेब जमला तर पुढच्या वर्षी नमुना आणि वही घेऊन मिळून सौदा करायला जाऊ. नाही जमला, तर दोन गुंठेच गेले, बैल तरी दावणीला राहतील.

पत्रक घेऊन येणाऱ्याला एवढेच सांगा : आमची वही भरू द्या, मग बोलू.