कोणता मल्ल थोर? : एका जुन्या वादाचा विचार



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ शाळा ही व्याख्यानमाला चालवते, त्यांना प्रथम विनम्र अभिवादन करतो.

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतकाव्यावर किंवा कादंबरीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एका पारावरच्या वादावर बोलणार आहे. राजगढ, धार, देवास, कोठेही चार जुनी माणसे जमली आणि कुस्तीचा विषय निघाला, की हा वाद सुरू होतो. आपल्या काळात ज्याला कोणी पाठ लावू शकले नाही, असा मल्ल दुसऱ्या काळातल्या श्रेष्ठांपुढे टिकला असता काय? गामा आज असता तर? आजचा ऑलिंपिक विजेता गामापुढे उभा राहिला असता तर? पाश्चात्त्य देशांत हाच वाद मुष्टियोद्ध्यांविषयी अहमहमिकेने चालतो.

साहित्याच्या अभ्यासकाला या बाबतीत एक सोय असते. तुकाराम आणि केशवसुत यांच्यात अडीच शतकांचे अंतर असले, तरी दोघांच्या कविता एकाच मेजावर उघडून ठेवता येतात. मल्लाची कृती मात्र त्याच्या देहाबरोबर संपते. दोन पिढ्यांचे दोन मल्ल ऐन उमेदीत समोरासमोर आणणे कोणालाही शक्य नाही. म्हणून या वादात कल्पनेला मोकळे रान मिळते.

कल्पनेऐवजी यंत्राकडून निवाडा घेण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. १९६७ साली एका नभोवाणी निर्मात्याने निरनिराळ्या काळांतील मुष्टियोद्ध्यांची माहिती संगणकात भरून त्यांच्या काल्पनिक लढती लावल्या. त्यांत महंमद अली हा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जिम जेफ्रीजकडून हरल्याचा निकाल निघाला. अली संतापला आणि त्याने दावा दाखल केला. पुढे तडजोड झाली आणि १९६९ साली अली आणि रॉकी मार्सियानो यांना घेऊन चित्रपट काढण्यात आला. मार्सियानो हा ४९ लढती खेळून त्या सर्व जिंकलेला आणि १९५६ साली निवृत्त झालेला जगज्जेता. दोघांनी कॅमेऱ्यापुढे अनेक फेऱ्यांचा अभिनय केला. शेवट वेगवेगळ्या प्रकारे चित्रित करून ठेवला होता. चित्रपट १९७० च्या जानेवारीत झळकला. त्यापूर्वीच, ऑगस्ट १९६९ मध्ये, मार्सियानो विमान अपघातात मरण पावला होता. अमेरिकेत दाखविलेल्या चित्रपटात तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. अन्यत्र दाखविलेल्या एका आवृत्तीत अली जिंकला. यंत्राचा निवाडासुद्धा प्रेक्षक पाहून बदलता येतो, एवढाच बोध त्यातून झाला.

दोन पिढ्यांच्या खऱ्या गाठी पडल्याच नाहीत असे नाही. निवृत्त झालेला जेफ्रीज १९१० साली पुन्हा रिंगणात उतरला आणि जॅक जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत हरवले. १९५१ साली याच मार्सियानोने ३७ वर्षांच्या जो लुईला आठव्या फेरीत पाडले. १९८० साली ३८ वर्षांचा अली लॅरी होम्सपुढे दहा फेऱ्यांनंतर थांबला. या लढतींतून कोणता काळ श्रेष्ठ हे ठरत नाही. वय वाढले की हात मंदावतो, हे आपल्याला आधीच ठाऊक होते.

आता आपल्या गामाकडे वळू. गामाचा जन्म पंजाबातला, परंतु तो वाढला दतिया संस्थानच्या आश्रयाने. म्हणजे मध्य भारताचा त्याच्यावर काही हक्क आहे. १९१० साली तो लंडनला गेला. उंची कमी म्हणून तेथील स्पर्धेत त्याला प्रवेश मिळेना, तेव्हा त्याने जाहीर आव्हान दिले. अमेरिकेचा डॉक्टर रोलर त्याच्याकडून हरला. १० सप्टेंबर रोजी पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची गाठ पडली. झिबिस्को बहुतेक वेळ गादीवर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ झोंबूनही गामाला त्याला उलटता आले नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ च्या जानेवारीत पतियाळाला हेच दोघे पुन्हा भिडले. या वेळी मातीत. दोघांचेही वय पन्नाशीला टेकलेले. एक मिनिट पुरे होण्याच्या आत गामाने झिबिस्कोला चीत केले.

मल्ल तेच दोघे. एकदा अडीच तासांत निकाल लागत नाही, एकदा मिनिटभरात लागतो. म्हणजे एकाच काळातील आणि प्रत्यक्ष भिडलेल्या दोन मल्लांचा निकालसुद्धा जमीन, नियम आणि वेळ यांच्यावर अवलंबून राहिला. मग ज्यांची कधी गाठच पडली नाही, त्यांचा निकाल आपण कोणत्या जमिनीवर लावणार? गामाला मातीत उतरवून, वेळेचे बंधन न घालता जो गामाच्या बाजूने कौल देतो, त्याने निर्णय आधीच केलेला असतो. गादीवरच्या सहा मिनिटांत गुण मोजून आजच्या मल्लाला जो विजयी ठरवतो, त्यानेही तेच केलेले असते.

तर हा वाद निरर्थक आहे काय? मला तसे वाटत नाही. प्रश्न थोडा बदलून विचारला, तर त्याला उत्तर आहे आणि ते उत्तर आपल्या इतिहासात घडून गेलेले आहे.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत वाढलेले मल्ल. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. गादीवरच्या कुस्तीचा त्यांना सराव नव्हता, आंतरराष्ट्रीय नियम परके होते. एका अर्थाने ते एका युगातून दुसऱ्या युगात गेले होते. तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. त्यानंतरची चार वर्षे त्यांनी अभ्यास केला. १९५२ साली हेलसिंकीला, अधिक वजनाच्या गटात, त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांच्या मल्लांना हरवून कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीतले पुढचे पदक यायला २००८ साल उजाडावे लागले. खाशाबांची ढाक मातीतच घडली होती. ती त्यांनी टाकून दिली नाही, गादीवर चालवायला शिकले.

या कथेत आपल्या भागाचाही वाटा आहे. १९४८ च्या त्या प्रवासाला कोल्हापूरच्या महाराजांनी साहाय्य केले. ते महाराज म्हणजे शहाजी छत्रपती. १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाण्यापूर्वी ते देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार होते. ज्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला खासबाग मैदान दिले, त्यांचे हे दौहित्र. १९५२ च्या वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्याला दुसऱ्या युगात पोचवण्यासाठी एका शिक्षकाने दिलेली ती किंमत होती.

म्हणून मी म्हणतो, गामा आज जिंकला असता काय, हा प्रश्न अपुरा आहे. त्याला शिकायला किती अवधी मिळाला असता, असे विचारावे. उद्या सकाळी गादीवर उभा केला तर कदाचित तो गुणांवर हरेल. चार वर्षे दिली तर मी त्याच्याविरुद्ध पैज लावणार नाही. उलट बाजूनेही हेच खरे. आजच्या मल्लाला चार वर्षे मातीत घोळू द्या, मग त्याच्या दमाविषयी बोला. आजचा आहार, वैद्यक, चित्रफितींचा अभ्यास यांनी मल्ल अधिक सिद्ध होतो, हे मान्य आहे. परंतु ती साधने काळाची आहेत, मल्लाच्या अंगची नव्हेत. मल्लाच्या अंगचे असते ते शिकण्याचे सामर्थ्य, आणि त्याची परीक्षा त्याच्या समकालीनांत झालेली असते.

संगीतातही आपण हे पाहिले. ज्या १९४८ साली खाशाबा लंडनला गेले, त्याच वर्षी कुमार गंधर्व आजारी अवस्थेत देवासला आले. येथे अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली आणि ती आपल्या गाण्यात मुरवली. परक्या मातीत उभे राहायचे तर आधी तिचे ऐकून घ्यावे लागते.

माजी विद्यार्थ्यांना आता थोडे स्पष्ट बोलतो. या वादात आपल्या वयाची माणसे बहुधा जुन्यांच्या बाजूची असतात. 'आमच्या वेळी' हे दोन शब्द आपल्या ओठांवर तयारच असतात. ते मल्लांपुरते राहिले तर बिघडत नाही. परंतु तेच शब्द आपण समोरच्या मुलामुलींना ऐकवतो: तुमचे मराठी असे, तुमचे पाठांतर तसे, तुमची मेहनत ती काय. ज्या माळव्यात घराबाहेर पाऊल टाकताच हिंदी सुरू होते, तेथे मराठी टिकवणाऱ्या मुलाची तुलना आपल्या बालपणाशी करणे म्हणजे त्याला आपल्या जमिनीवर, आपल्या नियमांनी लढायला लावणे आहे. विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवावे, की साधनांच्या जोरावर आजोबांना हसणे सोपे असते. त्यांनी काय मिळवले हे मोजताना त्यांच्या हाती काय होते, तेही मोजावे.

शिकण्याचा अवधी देणे हे शाळेचे काम आहे. ज्यांचे स्मरण आपण करीत आहोत, त्यांनी ते निष्ठेने केले. हा अवधी पुढच्या पिढीलाही मिळावा, यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या परीने हातभार लावावा, अशी विनंती करतो.