जुबिलीचें शिंग आणि ऋणाचा पैसा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवीं चार शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांस दिलात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. 'ऋणी' हा शब्द येथें शिष्टाचारापुरता आला. परंतु आज आमचा विषयहि तोच आहे. मंदिराची उभारणी, शाळेची वाढ आणि धर्मगुरूंचे परिश्रम यांचें वर्णन इतर वक्ते आमच्यापेक्षां अधिक अधिकारानें करतील. ज्या शब्दानें आपण हा उत्सव साजरा करीत आहों, त्या 'जुबिली' शब्दाचा मूळ अर्थ काय, आणि त्या अर्थाचें आजच्या पैशाच्या व्यवहाराशीं कांहीं नातें आहे काय, एवढाच विचार आम्ही आपल्यापुढें मांडणार आहों.

जुबिली हा शब्द 'योबेल' ह्या हिब्रू शब्दापासून आला. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटल्यावर प्रायश्चित्ताच्या दिवशीं देशभर शिंग फुंकावें आणि पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं, ज्यानें गरजेपोटीं वडिलोपार्जित जमीन विकली असेल, त्याच्या घराण्याकडे ती परत जावी. ज्यानें स्वतःस विकलें असेल, तो मोकळा होऊन आपल्या घरीं जावा. इतकेंच नव्हे, तर जमिनीची किंमतहि पुढील जुबिलीपर्यंत किती पिकें निघतील तें मोजून ठरवावी, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे विकावयाचीं तीं पिकें, जमीन नव्हे. जमीन परमेश्वराची आहे, आणि माणूस तिच्यावरचा पाहुणा आहे.

अनुवादाच्या ग्रंथांत सातव्या वर्षीं कर्ज सोडून देण्याचा नियम आहे, तसेंच कोणाचें जातें गहाण घेऊं नये, असेंहि बजावलें आहे. कारण जातें घेणें म्हणजे त्या घरचें पीठच घेणें होय. निर्गमाच्या ग्रंथांत गहाण घेतलेलें पांघरूण सूर्यास्तापूर्वीं परत करण्याची आज्ञा आहे. हे सर्व नियम इस्राएल लोकांत पूर्णपणें पाळले गेले कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत; परंतु त्यांतील तत्त्वें स्पष्ट आहेत. कर्ज घेणें हें पाप नव्हे. मात्र कर्जास शेवट असला पाहिजे, आणि ज्या साधनानें माणूस पोट भरतो, त्या साधनास कर्जानें हात लावतां कामा नये.

आतां आपल्या काळाकडे वळूं. आजचा पैसा कोठून येतो? सामान्य समजूत अशी कीं, बँक एकाची ठेव घेते आणि तीच दुसऱ्यास उसनी देते. वस्तुतः बँक जेव्हां कर्ज मंजूर करते, तेव्हां ती ऋणकोच्या खात्यांत ती रक्कम जमा मांडते, आणि त्या क्षणीं नवा पैसा जन्मास येतो. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेनें २०१४ सालीं आपल्या त्रैमासिकांत हीच गोष्ट उघडपणें सांगितली. कर्ज फिटलें म्हणजे तो पैसा नाहींसा होतो. सारांश, आपल्या हातून फिरणाऱ्या पैशाचा फार मोठा भाग कोणाच्या तरी कर्जाची दुसरी बाजू असतो.

ह्यावर कांहीं टीकाकार म्हणतात कीं, मुद्दल निर्माण होतें पण व्याज निर्माण होत नाहीं, म्हणून सर्वांचीं कर्जें कधींच फिटणार नाहींत. हें म्हणणें पूर्णपणें बरोबर नाहीं. बँकेस मिळालेलें व्याज पगार, ठेवीदारांचें व्याज आणि नफा ह्या रूपानें पुनः बाजारांत येऊं शकतें. परंतु तें व्याज जेथें खर्च न होतां सांठत जातें आणि पुनः कर्जाऊच दिलें जातें, तेथें जुनें ऋण फेडण्यासाठीं नवें ऋण काढावें लागतें, आणि ऋणाचा डोंगर चढत जातो. मग उत्पन्न दर वर्षीं वाढलेंच पाहिजे, अशी सक्ती समाजावर येते. उत्पन्न वाढविण्यासाठीं विहिरी अधिक खोल जातात, टेकड्या फोडल्या जातात, खाजणें भरलीं जातात. शेंकडा दरमहा दोन टक्के व्याजानें व्याजावर व्याज चढत गेलें, तर शंभर रुपयांचे तीन वर्षांत दोनशेंहून अधिक होतात. आंब्याचें झाड तीन वर्षांत दुप्पट फळ देत नाहीं. जमिनीच्या वाढीस ऋतु आहेत, मर्यादा आहे. आंकड्यांच्या वाढीस नाहीं. हाच ह्या व्यवस्थेंतील मूळ विरोध होय.

हा विरोध महाराष्ट्रानें पूर्वींच अनुभवला आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसास चढलेले भाव १८६५ नंतर कोसळले. सरकारी सारा मात्र रोकडीनेंच भरावा लागे. शेतकरी सावकाराच्या हातीं सांपडला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले आणि त्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळले. हें लोण पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरलें. लक्षांत घ्या कीं, त्यांचा राग मुख्यत्वें कागदावर होता. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस साह्य करणारा कायदा झाला. परंतु कायद्यानें सावकाराचा हात आंवरला, तरी गरजवंतास दुसरा हात पुढें आला नाहीं. तो दुसरा हात कोणता, हाच खरा प्रश्न आहे.

ख्रिस्तसभेनें ह्या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाहीं. इटलींतील पेरूजा नगरांत १४६२ सालीं फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेनें 'मोंते दि पिएता' म्हणजे दयेची पेढी स्थापन झाली. गरिबानें एखादी वस्तु तारण ठेवावी आणि अल्प मोबदल्यांत पैसे न्यावेत, अशी ती योजना होती. अल्प मोबदला घेणें हीहि व्याजखोरीच, असा आक्षेप निघाला. तेव्हां १५१५ सालीं दहाव्या लिओ पोपमहाराजांच्या काळीं लॅटरन येथील पांचव्या महासभेनें निर्णय दिला कीं, पेढीचा खर्च भागविण्यापुरता माफक मोबदला घेण्यांत दोष नाहीं. सेवेचा खर्च वेगळा आणि गरजेचा फायदा उठविणें वेगळें, हा भेद तेव्हांपासून आपल्या हातीं आहे. पुढें तेराव्या लिओ पोपमहाराजांनीं १८९१ च्या परिपत्रकांत व्याजखोरीचा धिक्कार केला, आणि अकराव्या पायस पोपमहाराजांनीं १९३१ सालीं, ज्यांच्या हातीं पत आणि पैसा आहे त्यांच्या अनिर्बंध सत्तेविरुद्ध इशारा दिला.

त्या इशाऱ्यानंतर एका वर्षानें ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतांतील व्योर्गल ह्या लहानशा गांवीं एक विलक्षण प्रयोग झाला. जगभर मंदी होती. गांवांत काम करणारे हात होते, करावयाचीं कामें होतीं, पण मध्यें फिरणारा पैसा नव्हता. नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनीं, सिल्व्हिओ गेसेल ह्या अर्थचिंतकाच्या विचारांस अनुसरून, जुलै १९३२ मध्यें गांवापुरतीं श्रमपत्रें काढलीं. तेवढ्याच किंमतीचे सरकारी शिलिंग पेढींत तारण ठेवले. नगरपालिका मजुरी ह्या पत्रांत देई आणि करहि त्याच पत्रांत स्वीकारी. गंमत अशी कीं, प्रत्येक पत्रावर दर महिन्यास त्याच्या किंमतीच्या एक टक्क्याचें तिकीट चिकटवावें लागे. म्हणजे हा पैसा सांठविला तर झिजे. म्हणून जो तो तो पुढें सरकवी. थकलेले कर वसूल झाले, रस्ते दुरुस्त झाले, पूल बांधला गेला. इतर गांवें अनुकरणास पुढें आलीं. पण मध्यवर्ती बँकेनें हरकत घेतली, आणि सप्टेंबर १९३३ मध्यें तो प्रयोग बंद पडला.

ह्या कथेचा मोह पुष्कळांस पडतो. म्हणून सांगणें भाग आहे कीं, तो प्रयोग एका लहान गांवापुरता आणि अवघें एक वर्ष चालला; सुकाळांत तो कसा चालला असता, हें कोणास सांगतां येणार नाहीं. शिवाय आपल्या देशांत नोटा काढण्याचा अधिकार १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यानें एका संस्थेकडेच ठेवला आहे. धर्मग्रामानें आपलें चलन काढावें, असें आम्ही सुचवीत नाहीं. खासगी बँकांनीं पैसा निर्माण करूंच नये, असा प्रस्ताव स्वित्झर्लंडमध्यें १० जून २०१८ रोजीं लोकमतास टाकला गेला. सुमारें तीन-चतुर्थांश मतदारांनीं तो नाकारला. मोठ्या व्यवस्था एका दिवसांत बदलत नाहींत. परंतु त्याच देशांत १९३४ सालीं छोट्या व्यापाऱ्यांनीं 'वीर' नांवाचें परस्पर-पतमंडळ स्थापिलें. सभासद आपसांतील देण्याघेण्याचा हिशेब स्वतःच्या परिमाणांत ठेवतात, आणि तें मंडळ बँकेच्या रूपानें आजहि चालू आहे. व्योर्गलपासून घेण्याजोगा धडा एवढाच: पैसा हा रक्तासारखा आहे, तो फिरता असेल तरच शरीर जगतें.

आम्हांस अधिक जवळचा वाटणारा मार्ग सहकाराचा आहे. जर्मनींत राइफायझेन नांवाच्या, पंथानें प्रॉटेस्टंट असलेल्या, सत्पुरुषानें १८६४ सालीं हेडेसडॉर्फ येथें शेतकऱ्यांची पतपेढी काढली. एकमेकांस ओळखणाऱ्यांनींच सभासद व्हावें, चालकांनीं वेतन घेऊं नये, आणि नफा वांटून न घेतां गंगाजळींत टाकावा, हे त्याचे नियम. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत आल्फोन्स देजार्दें ह्या कॅथोलिक गृहस्थानें १९०० सालीं लेव्ही येथें लोकपेढी स्थापिली. जानेवारी १९०१ मधील पहिल्या दिवसाचा भरणा अवघा २६ डॉलर ४० सेंट होता. पुढें धर्मग्रामाधर्मग्रामांतून अशा पेढ्या निघाल्या. नोव्हा स्कोशियांत फादर टॉम्पकिन्स आणि फादर कोडी यांनीं कोळ्यांस व शेतकऱ्यांस अभ्यासमंडळांत बसविलें. प्रथम वाचन, मग चर्चा, मग हिशेब, आणि शेवटीं पेढी, असा त्यांचा क्रम होता. आपल्याकडे १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि १९१८ सालीं वसईंत कॅथोलिकांची सहकारी पेढी उभी राहिली. आपल्या पूर्वजांनीं सावकारास शिव्या देत बसण्यापेक्षां आपली तिजोरी उघडली, हें आपण विसरूं नये.

परंतु सहकार हें नांव म्हणजे मंत्र नव्हे. २०१९ सालीं मुंबईंतील एका मोठ्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेस निर्बंध घालावे लागले, आणि हजारों ठेवीदारांची झोंप उडाली. जेथें सभासद वार्षिक सभेस केवळ चहापुरते येतात, जेथें ताळेबंद कोणी उघडीत नाहीं, तेथें सहकाराची पेढीहि सावकाराचीच पेढी होते. फक्त तिच्यावर सर्वांचें नांव असतें. आणि पैसा दुसऱ्याच्या गैरवापरानेंच बुडतो असें नाहीं. लग्नाच्या मांडवासाठीं वाडी गहाण टाकणारा, आणि भ्रमणध्वनीवर अंगठा टेंकवून पांच मिनिटांत कर्ज उचलणारा तरुण, हे दोघेहि आपल्याच बांकांवर बसतात.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. पहिली: धर्मग्रामांत एक अभ्यासमंडळ असावें, आणि तेथें तरुणांस व्याजाचा हिशेब व करारनाम्यांतील बारीक अक्षरें वाचण्यास शिकवावें. दुसरी: जे कोणी सहकारी पेढीचे सभासद आहेत, त्यांनीं वार्षिक सभेस ताळेबंद वाचून जावें आणि निर्भयपणें प्रश्न विचारावे. तिसरी: महोत्सवाच्या वर्गणींतून जें शिल्लक राहील, त्याचा आजारपण व शिक्षण यांसाठीं बिनव्याजी निधि करावा, परतफेड हप्त्यांनीं व्हावी, आणि हिशेब दर तिमाहीस मंदिराच्या फलकावर लागावा. चौथी: ज्यांचें येणें एखाद्या खरोखर नाडलेल्या घराकडे आहे, त्यांनीं ह्या वर्षीं निदान व्याज सोडून द्यावें. ही शेवटची सूचना कायद्याची नव्हे, अंतःकरणाची आहे; पण जुबिली तीच आहे.

दुसरे जॉन पॉल पोपमहाराजांनीं २००० सालच्या महाजुबिलीनिमित्त गरीब राष्ट्रांच्या कर्जाचा भार हलका करण्याचें आवाहन केलें होतें. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०२५ च्या जुबिलीवर्षासाठीं तीच मागणी पुनः केली, आणि श्रीमंत राष्ट्रांवर गरीब राष्ट्रांचें निसर्गविषयक ऋणहि आहे, याची आठवण दिली. राष्ट्रांचीं कर्जें आपल्या हातीं नाहींत. शेजाऱ्याचें कर्ज पुष्कळदां आपल्या हातीं असतें. आपल्या प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत, संत मत्तयच्या मूळ ग्रीक पाठांत, पापासाठीं योजिलेला शब्द 'ऋण' असाच आहे. आणि आपण तें आपल्या ऋणकोंस सोडलें आहे, असें देवासमोर आपण रोज म्हणतों.

ह्या मंदिराची घंटा पन्नास वर्षें आपणांस प्रार्थनेस बोलावीत आली आहे. पुढील पन्नास वर्षांत ह्या धर्मग्रामांतील एकहि घर कर्जापायीं उठूं नये, एकहि वाडी व्याजापायीं जाऊं नये, अशी सुबुद्धि व सामर्थ्य परमेश्वर आपणां सर्वांस देवो, आणि पवित्र मारियामातेचा आश्रय आपणांवर राहो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.