रविवार कुणाच्या मालकीचा?

(कल्याण येथील एका महिला मेळाव्यात केलेले भाषण)



‘घरसंसार सांभाळून तुम्ही डोंगर कसे चढता?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्यांत बायकाच जास्त असतात, आणि त्या कौतुकानेच विचारतात. माझा नवराही माझ्याइतकीच वर्षे डोंगरात जातो आहे. त्याला मात्र हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. आज मला या फरकाबद्दल बोलायचे आहे.

आपण ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या बायका तशा भाग्यवान. डोंगर आपल्या दाराशी आहेत. कसारा लोकलने आसनगावला उतरले की माहुली, कर्जतच्या गाडीने नेरळला उतरले की पेब, कल्याणहून मुरबाडची एस.टी. धरली की गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट. खर्च थोडा, सामान पाठीवर मावेल एवढे. मग अडते कुठे? पायांत नक्कीच नाही. अडते ते वेळात.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसले, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. शिवाय हे आकडे काम करणाऱ्यांचे. घरात कशालाच हात न लावणारे पुरुष यात धरलेले नाहीत. म्हणून बाई ट्रेकला निघते तेव्हा आदल्या रात्री दोन भाज्या करून ठेवते, पोळ्यांचा डबा भरते, मुलांचे गणवेश इस्त्री करते आणि पहाटेची गाडी पकडते. याला आपण ‘सांभाळून जाणे’ म्हणतो. खरे तर ती सुट्टीचे भाडे आगाऊ भरत असते.

माझ्या सासूबाईंनी एकदा विचारले, “अगं, त्या डोंगरावर आहे तरी काय?” मी म्हटले, “आई, तिथे मला कुणी हाक मारत नाही.” त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मी पंढरपूरला जायचे ना, ते त्यासाठीच.”

बाईला बाहेर पडण्याची मुभा पूर्वीही होती, पण ती देवाच्या नावाने किंवा मुलाच्या नावाने. रायगडची हिरकणी आठवा. दरवाजे बंद झाल्यावर ती अवघड कडा उतरली, म्हणून तिच्या नावाचा बुरूज झाला, असे कथा सांगते. ती उतरली तान्ह्या बाळासाठी. तिला नुसताच कडा उतरावासा वाटला असता, तर बुरूज झाला असता का?

ही गोष्ट आपल्याकडचीच नाही. जपानच्या जुन्को ताबेई १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टवर पोहोचल्या, तिथे पोहोचलेल्या पहिल्या स्त्री. घरी त्यांची लहान मुलगी होती. मोहिमेसाठी मदत मागताना त्यांना ऐकवले गेले, की बायकांनी मुले सांभाळावीत. ब्रिटनच्या अ‍ॅलिसन हारग्रीव्ह्ज ऑगस्ट १९९५ मध्ये के-टू शिखरावरून उतरताना गेल्या, तेव्हा दोन मुलांच्या आईने असा धोका पत्करावा का, यावर वर्तमानपत्रांतून टीका झाली. मुलेबाळे असलेले गिर्यारोहक पुरुषही डोंगरात मरण पावतात. त्यांच्या बापपणाचा असा पंचनामा होत नाही. आपल्या जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल २०११ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, दोन मुली मोठ्या झाल्यावर एव्हरेस्ट चढल्या. त्यांचा अभिमान वाटतोच. पण प्रत्येक बाईने मुली मोठ्या होईपर्यंत थांबायचे का?

आणखी एक गोष्ट विसरू नये. आपण हौसेने जी वाट चढतो, त्याच वाटेने शहापूर-मुरबाडच्या आदिवासी बायका डोक्यावर मोळी घेऊन उतरतात. मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंड्यासाठी पायपीट करतात. त्यांनाही विसावा हवा आहे. म्हणून गावात जेवलो तर रांधणाऱ्या बाईच्या हातात योग्य पैसे द्यावेत, आणि वाटाड्या म्हणून तिलाही विचारावे.

आमच्या गटाने काही साधे नियम केले आहेत. महिन्यातला एक रविवार आधीच ठरवायचा आणि घरी तो ‘विचारायचा’ नाही, सांगायचा. आदल्या रात्री जास्तीचा स्वयंपाक करायचा नाही. लहान मुले असतील तर बापाने सांभाळायची. जिथे बाप नाही किंवा त्याला रविवारीही कामावर जावे लागते, तिथे गटातल्या मैत्रिणींनी पाळी लावायची. पाळी आली म्हणून कुणी मागे राहायचे नाही. परतीची गाडी सर्वांत हळू चालणारीच्या वेगाने ठरवायची.

पहिल्या दोन-तीन रविवारी घरी भात करपेल, धुसफूस होईल. होऊ द्या. भात करपला तर करणारा पुढच्या वेळी लक्ष ठेवायला शिकतो.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. तो नागनिका राणीचा मानला जातो. दोन हजार वर्षे जुन्या या वाटेवर एका बाईची नोंद दगडात कोरलेली आहे. आपल्याला दगड कोरायचा नाही. घरातल्या कॅलेंडरवर एका रविवाराखाली आपले नाव लिहायचे आहे. आज घरी गेल्यावर एवढे करा.