राणीपेटचं पिवळं पाणी

तमिळनाडूत पालार नदीच्या काठी राणीपेट आहे. तिथला क्रोमेटची रसायनं बनवणारा एक कारखाना 1990च्या दशकात बंद पडला. मागे उरला सुमारे दीड लाख टन क्रोमियमयुक्त गाळ, तोही उघड्यावर! 2006 साली जगातल्या सर्वाधिक प्रदूषित दहा ठिकाणांच्या एका यादीत राणीपेटचं नाव आलं.

अशा जागी पीएच.डी.साठी माती आणि विहिरी तपासणारी विद्यार्थिनी नेमकं काय शोधते? क्रोमियम किती, एवढंच नाही; कोणतं, तेही. त्रिसंयुजी क्रोमियम बहुधा मातीतच घट्ट बसून राहतं. षट्संयुजीची तऱ्हा वेगळी. त्याचे आयन ऋणभारित, चिकणमातीचे कणही ऋणभारित; मग ते तिथे थांबणार कसं? पावसाच्या पाण्याबरोबर ते खाली झिरपतं. आणि कर्करोगाला कारण ठरणारं क्रोमियम तेच.

खरी गोम आहे नमुना घेण्यात. बहुतेक धातूंच्या तपासणीसाठी बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात. इथे तसं केलं, तर षट्संयुजीचं त्रिसंयुजी होऊ शकतं आणि विषारी पाणी कागदावर निर्दोष सुटतं! म्हणून नमुना गाळायचा, बर्फात ठेवायचा, शक्यतो चोवीस तासांत तपासायचा. प्रयोगशाळेत डायफेनिल कार्बाझाइड घातलं की पाण्याला जांभळट-गुलाबी रंग चढतो. त्या रंगाची तीव्रता यंत्रावर मोजली जाते.

पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम. पाणी डोळ्यांना पिवळसर दिसू लागतं, तेव्हा ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते.